सहा गावांचे कबड्डीचे साखळी सामने कसे बसवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगाव पट्ट्यातल्या सहा गावांत कबड्डीची मंडळं आहेत. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या ‘भव्य खुल्या’ सामन्यांना प्रवेश फी भरून जाता, पहिल्याच फेरीत बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या संघाकडून हरता आणि अर्ध्या रात्री गाडी करून गावी परत येता. आता या सहा गावांनी आपसातच मैत्रीचे साखळी सामने खेळावेत असं ठरतंय. वेळापत्रक, गुण, पंच, बक्षीस आणि भांडणं याबद्दल तुम्ही विचारलंय, आणि शेवटी मुलींचा संघ घ्यावा का, तेही.

बक्षिसापासून सुरू करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. रोख बक्षीस ठेवू नका. पहिलं बक्षीस 51,000 असं फ्लेक्सवर छापलं की दुसऱ्या दिवसापासून फोन फिरायला लागतात. नागपूरहून एक चढाईवाला येतो, अमरावतीहून कोपरारक्षक येतो, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला ते गावचे पोट्टे राखीव खेळाडूंच्या बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसतात. पैसा आला की पंचावर संशय येतो, संशय आला की पाहणारेही दोन बाजूंना उभे राहतात. चषक ठेवा, फिरता ठेवा, त्यावर दरवर्षी जिंकणाऱ्या गावाचं नाव कोरा. तेवढं पुरे.

साखळीच का, हे मंडळातल्या जुन्या लोकांना पटवावं लागेल. त्यांना बाद पद्धतीचीच सवय आहे. त्यांच्यासमोर एवढा हिशेब मांडा: 16 संघांच्या बाद पद्धतीत 15 सामने होतात आणि त्यातले 8 संघ एक सामना खेळून घरी जातात. 6 संघांच्या साखळीतही सामने 15च होतात, पण प्रत्येक संघाला 5 मिळतात. मेहनत तेवढीच, मैदान तेवढंच, आणि तुमच्या संघाच्या बारा जणांतल्या दहाव्या-अकराव्या पोराला खेळायला मिळण्याची आशा. मी तर म्हणेन, नियमच करा की प्रत्येक सामन्यात किमान 9 खेळाडू मैदानात उतरले पाहिजेत. कर्णधार कुरकुर करतील. करू द्या.

वेळापत्रक चिठ्ठ्या टाकून बनवू नका, त्यात एखाद्या संघाचे दोन सामने एकाच दिवशी येतात आणि दुसरा संघ दोन आठवडे रिकामा बसतो. गावांना 1 ते 6 क्रमांक द्या, तो देताना मात्र चिठ्ठी काढा. मग पहिल्या रविवारी 1-6, 2-5, 3-4. दुसऱ्या रविवारी 1-5, 6-4, 2-3. तिसऱ्या रविवारी 1-4, 5-3, 6-2. चौथ्या रविवारी 1-3, 4-2, 5-6. पाचव्या रविवारी 1-2, 3-6, 4-5. यात एक नंबर जागेवर थांबतो आणि बाकीचे पाच त्याच्याभोवती फिरतात, म्हणून कुठलीच जोडी दुसऱ्यांदा येत नाही. दर रविवारी सहाही संघ एकाच गावात जमतील आणि तीन सामने होतील. पाच रविवार पाच गावांत झाले की सहाव्या गावाला शेवटचा दिवस द्या. त्या दिवशी गुणतक्त्यातला पहिला-दुसरा, तिसरा-चौथा आणि पाचवा-सहावा असे तीन सामने लावा. पाचव्या-सहाव्याचा सामना सगळ्यात आधी घेऊ नका, मधे घ्या. आधी घेतला तर तो बघायला कोणी आलेलं नसतं आणि खेळणाऱ्यांना ते कळतं.

आता दिवस कोणते धरायचे? आपल्याकडे हा प्रश्न पंचांगापेक्षा वावराशी जास्त जोडलेला आहे. सोयाबीन निघेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत, कोणी मोकळं नसतं. पुढे कापूस वेचणी चालूच असते, ती संपायची वाट पाहिली तर फेब्रुवारी उजाडेल आणि मग बारावी-दहावीच्या परीक्षा आडव्या येतील. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नारळ फोडा आणि संक्रांतीच्या आसपास आटपा. हरभऱ्याला, गव्हाला ओलित सुरू असतं ते याच दिवसांत. ज्या आठवड्यात पंपाची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची असते त्या आठवड्यात तुमचा चांगला चढाईवाला शनिवारी रात्रभर बांधावर उभा असतो, आणि रविवारी दुपारी त्याचे पाय उचलत नाहीत. प्रत्येक गावच्या फिडरची पाळी आधी विचारून ठेवा. तुमच्या भागात कोळसा खाणीत पाळीने जाणारे पोट्टेही आहेत, त्यांची दुसरी पाळी असेल तर सामना पहिला ठेवा. एवढ्या तडजोडीला कोणी नाही म्हणत नाही, फक्त ती शुक्रवारपर्यंत कळली पाहिजे. आणि रविवारी कुठल्या गावचा आठवडी बाजार असेल तर त्या गावाला त्या दिवशी यजमान करू नका.

लाईट लावायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सामन्याचा पूर्ण वेळ 20-5-20 मिनिटांचा (मधली 5 विश्रांतीची), त्यात टाइम आऊट आणि वादावादी धरून तास जातो. तुम्ही 15-5-15 खेळा. मग एक सामना पाऊण तासात बसतो, तीनला सुरू केलं तर सव्वापाचपर्यंत तीनही होतात आणि अजून उजेड असतो. जनरेटर, हॅलोजन, तात्पुरत्या जोडणीचा अर्ज, यातलं काहीच लागत नाही. खांबावर आकडा टाकायचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला तिथंच गप्प करा.

मैदानाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गावात सगळ्यात जास्त हयगय इथंच होते. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. त्यात दोन्ही कडेचे एकेक मीटरचे राखीव पट्टे आले. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईवाल्याने ओलांडायलाच हवी ती) 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापलीकडे 1 मीटरवर. टेप लावून चारही बाजू मोजल्या तरी चौकोन तिरपा होऊ शकतो, म्हणून कर्ण मोजा. दोन्ही कर्ण 16 मीटर 40 सेंटिमीटर आले तरच चौकोन खरा. मैदान वाकडं असलं की एका कोपऱ्यात निदान रेषा जवळ येते आणि दुसऱ्यात लांब जाते, आणि मग पंचावर खापर फुटतं.

माती. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते आणि ओली झाली की पायाला गोळे धरते. तिच्यावर तसंच खेळाल तर घोटे जातील. शाळेच्या पटांगणात जागा मिळाली तर तेवढ्या चौकोनातली वीतभर काळी माती काढून टाका, खाली मुरूम दाबा आणि वर चाळलेली पांढरी किंवा लाल माती, कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून पसरा. कबड्डीच्या जुन्या नियमपुस्तकातही मैदान असंच, माती-खत-भुशाचं मऊ, सांगितलेलं आहे. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी मारा, सामन्याच्या दोन तास आधी नुसता सडा शिंपडा. मग सगळ्या पोरांना खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभं करा आणि खाली बघत हळूहळू चालायला लावा. खडे, काचा, बाभळीचे काटे, बाटलीची झाकणं, जे निघेल ते उचला. हे दर सामन्याआधी. कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या वावरात मैदान आखायचा मोह होतो, जागा मोकळी दिसते म्हणून. पण मुळांचे खुंट जमिनीत राहिलेले असतात, गुडघा त्यावर पडला तर पोरगा वर्षभर बसतो. रेषा फक्कीने आखा, पाच सेंटिमीटर रुंद. कळीचा चुना नको, डोळ्यात गेला तर भाजतो. कोणी निवारपट्टी खिळ्यांनी ठोकायला सांगेल, त्याचं ऐकू नका.

मॅट नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तर त्याला सांगा, आपल्या विदर्भातल्याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळ दाखवून आला, त्यात कबड्डीही होती. मॅट फार पुढे आल्या.

गुण देण्याची पद्धत. साधी पद्धत म्हणजे विजयाला 2, बरोबरीला 1. मला प्रो कबड्डीत अनेक हंगाम चाललेली पद्धत तुमच्यासाठी जास्त योग्य वाटते: विजयाला 5, बरोबरीला 3, आणि 7 किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तर 1. कारण गावच्या सामन्यात एखादा संघ दहा गुणांनी मागे पडला की हातपाय गाळतो, चढाईला जाऊन मध्यरेषेजवळ फिरून परत येतो. शेवटच्या तीन मिनिटांत तोच फरक सातवर आणला तर एक गुण मिळणार आहे, हे कळल्यावर तेच पोट्टे जीव तोडून खेळतात. जिंकणाऱ्यालाही सैल सोडता येत नाही. बरोबरी झाली तर बरोबरीच राहू द्या, जादा चढाया नकोत. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्यांच्यातला आपसातला सामना बघा, मग गुणफरक. गुणफरक मोजताना एका सामन्यातले 20 पेक्षा जास्त धरू नका. नाहीतर दुबळ्या संघावर लोणावर लोण (अख्खा संघ बाद करणं) चढवायची शर्यत लागते, आणि पुढच्या वर्षी तो संघ येत नाही.

बाकी नियम नेहमीचेच ठेवा: चढाई 30 सेकंदांची, लोणाचे 2 जादा गुण, बचावात तीन किंवा कमी खेळाडू असताना पकड केली तर एक गुण जास्त. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी ‘करो या मरो’, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद, हाही नियम घ्या. गुणलेखकाला थोडं लक्ष ठेवावं लागतं, पण वेळकाढूपणा तिथंच मरतो. वजनाचं म्हणाल तर पुरुष गटाला 85 किलोची मर्यादा आहे. मैत्रीच्या सामन्यात मोठ्यांना काट्यावर चढवायची गरज नाही, तुमच्या सहा गावांत त्यापुढचे दोन-चार निघतील आणि त्यांना फार पळता येत नाही. लहान पोट्ट्यांचं मात्र बघा. पंधरा-सोळा वर्षांच्या, पंचेचाळीस किलोच्या पोराला मोठ्यांच्या पकडीत ढकलू नका, तो कितीही चपळ असला आणि त्याचा काका कर्णधार असला तरी.

त्या पोरांसाठी वेगळी सोय करा. दर रविवारी मोठ्यांचे सामने सुरू होण्याआधी वीस मिनिटं त्यांची कबड्डी ठेवा, आणि ती ‘अमर’ पद्धतीने. गावातले म्हातारे तुम्हाला संजीवनी, गामिनी आणि अमर हे तिन्ही प्रकार सांगतील. आपण आज खेळतो ती संजीवनी, बाद झालेला परत जिवंत होतो. गामिनीत बाद झाला तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, समोरच्याला फक्त गुण मिळतो. नवशिक्यांना संजीवनीने खेळवलं तर कच्चा पोरगा पहिल्या मिनिटाला बाद होतो आणि उरलेला वेळ बाहेर बसून काढतो. ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज, तोच सर्वात कमी खेळतो. अमरमध्ये तो वीस मिनिटं पळतो.

आता पंच. बाहेरून पंच आणाल तर गाडीभाडं, मानधन, जेवण, आणि वर त्याला आपल्याच गावाची ओळख निघाली म्हणून तक्रार. मी स्वतः पंचगिरी करतो तरी सांगतो, पहिल्या दिवशी एक अनुभवी पंच बोलवा, नियम समजावून घ्या, आणि पुढे आपसातच पंच द्या. त्या वेळी न खेळणाऱ्या चार संघांपैकी दोघांनी प्रत्येकी तीन माणसं द्यायची: एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), दोन पंच, दोन रेषेवरचे सहायक, एक गुणलेखक. सहा झाले. खेळणाऱ्या पोरांना शिट्टी हातात घेऊ द्या. जो एकदा दोन्ही बाजूंचा आरडाओरडा ऐकत बोनसचा निर्णय देतो, तो पुढच्या रविवारी पंचाच्या अंगावर धावत नाही.

बोनसचाच प्रकार जवळून बघा, कारण गावातली निम्मी भांडणं इथली. बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच. चढाईवाला कोपऱ्याकडे जातो, अंग मागे तोलतो, पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो आणि परत ओढतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. पाहणाऱ्याला पुढचा पाय दिसतो, म्हणून तो ओरडतो, ‘गेला, गेला!’ पंचाने मात्र मागचा पाय बघायचा असतो. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला त्या क्षणी मागचा पाय हवेत होता का? जमिनीला लागलेला असेल तर बोनस नाही. म्हणून पंचाने उभं राहून चालत नाही. बोनस रेषेच्या सरळ टोकाशी, गुडघ्यात वाकून, नजर जमिनीच्या जवळ न्यावी लागते. मातीत एक सोय आहे जी मॅटवर नाही: ओल बरोबर असेल तर पाऊल उमटतं. पण ते पाऊल कोणाचं आणि कधीचं यावर पुन्हा वाद घालू देऊ नका. बोनस मिळवून नंतर तो पकडला गेला तर दोन्ही बाजूंना एकेक गुण, आणि बोनसच्या गुणावर आपला कोणी जिवंत होत नाही. हे दोन मुद्दे सामन्याआधी दोन्ही कर्णधारांकडून वदवून घ्या.

दुसरं भांडण राखीव पट्ट्याचं. स्पर्श किंवा झटापट झाल्याशिवाय त्या पट्ट्यात पाय पडला तर तो खेळाडू बाद. झटापट सुरू झाली की पट्टा मैदानात धरला जातो. मग चढाईवाला चार जणांना ओढत रेषेबाहेर लोळला, तरी त्याच्या अंगाचा कुठला तरी भाग आतल्या जमिनीला टेकलेला असेल तर तो बाहेर धरायचा नाही. नेमकं हेच प्रेक्षकांना पटत नाही. अर्धा माणूस बाहेर दिसतो ना!

तिसरं भांडण कोणाच्या ध्यानात येत नाही: बाद झालेल्यांचा क्रम. जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो. गावात बाद झालेले पोट्टे झाडाखाली पाणी प्यायला जातात आणि गुण मिळाला की त्यातला चांगला चढाईवाला पळत येतो. त्यासाठी मागच्या रेषेपासून दोन मीटरवर बसायचा चौकोन आखा आणि एका सहायकाला फक्त तेवढंच काम द्या, कोण कुठल्या क्रमाने बसलंय ते बघायचं.

पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचं. मोबाईलवरचं चित्रण दाखवून निर्णय बदलून मागायचा नाही. चुकीचा निर्णयही त्या दिवसापुरता खरा धरायचा. संध्याकाळी तो व्हिडिओ ग्रुपवर फिरवायचा नाही, हे मात्र बैठकीत लिहूनच घ्या, कारण मैदानावरचं भांडण मैदानावर थंड होतं आणि ग्रुपवरचं सोमवारी सकाळी ताजं होतं. मारामारी झाली तर सहा गावांचा एकेक प्रतिनिधी बसवून निर्णय घ्या, ज्या दोन गावांची ती त्यांनी मत द्यायचं नाही.

कोण खेळू शकतो, ही यादी नारळ फोडायच्या आधी बंद करा. प्रत्येक गावाची 15 नावं. गावात राहणारा, किंवा गावचाच पण शिक्षणाला-नोकरीला बाहेर असलेला. जावई चालतो का, हा प्रश्न तुमच्या बैठकीत हमखास येणार. माझं मत: सासुरवाडीत राहत असेल तर चालतो, फक्त सामन्यापुरता येत असेल तर त्याला आहेर करा आणि बसवा. एखाद्या रविवारी संघाचे पाचच आले तर सामना रद्द करू नका. पाचांनी सुरू करा, किंवा समोरच्या गावाने आपले दोन राखीव उसने द्यावेत. औपचारिक स्पर्धेत हे कोणी ऐकून घेणार नाही, तुमची स्पर्धा औपचारिक नाही. आणि तुमच्या भागात गावाला लागून कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. तिथले पोट्टे सरावाला येतात पण यादी करताना त्यांची नावं राहून जातात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. पोडाचा स्वतःचा संघ होत असेल तर सातवा म्हणून घ्या. सात संघ झाले तर दर रविवारी एकाला सुट्टी, 7 फेऱ्या आणि 21 सामने. वेळापत्रक दोन आठवड्यांनी वाढेल, वाढू द्या.

दुखापतींचं. नखं कापलेली, हातात कडं नाही, गळ्यात साखळी नाही, अंगाला तेल नाही. हे सरपंचाने सामन्याआधी प्रत्येकाचं तपासायचं. मैदानात शेणखत आहे, गुडघे-कोपरं सोलटणारच, म्हणून हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. जखम साबण-पाण्याने धुवा, हळद किंवा माती चोपडू नका. घोटा मुरगळला तर बर्फ लावा, पाय उंच ठेवा. तेल लावून मालिश करणारा काका प्रत्येक गावात असतो, त्याला दोन दिवस लांब ठेवा. ज्याचा गुडघा वारंवार सटकतो त्याला डॉक्टरला दाखवल्याशिवाय उतरवू नका, गुडघ्यातला अस्थिबंध तुटलेला असतो आणि लोक त्याला लचक समजून वर्षं काढतात. डोक्याला मार लागून क्षणभर जरी भान हरपलं तरी त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. 108 ला फोन कोण करणार आणि मैदानापर्यंत गाडी कुठून येणार, हे आधी ठरवा. गोळा झालेल्या मोटारसायकलींनी तो रस्ताच अडलेला असतो.

पैशाचं सोपं आहे. सहा गावांनी सारखी वर्गणी काढायची. फक्की, शिट्ट्या, गुणवही, प्रथमोपचाराची पेटी आणि चषक, एवढाच सामायिक खर्च. घड्याळ मोबाईलचं चालतं. चहा-पोहे ज्या गावात सामने त्या गावाचे. शेवटच्या दिवशी रोडगे आणि वांग्याची भाजी करा, कणीक प्रत्येक गावाने आणायची, वांगी यजमानांची, गोवऱ्याही त्यांच्याच. पुढारी चषक द्यायला तयार होतील, त्यांचा चषक घ्या पण भाषण सामन्यांच्या आधी नको. उजेड साडेपाचपर्यंतच पुरतो हे कारण खरंही आहे आणि कोणाला लागतही नाही. नारळ गावातल्या सगळ्यात जुन्या खेळाडूच्या हातून फोडा. पटांगणासाठी मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला अर्ज द्या, पोलीस ठाण्याला कळवून ठेवा, लाऊडस्पीकर लावणार असाल तर त्याची परवानगी वेगळी काढा. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या पालकांची सही घ्या.

प्रमाणपत्रांबद्दल एक इशारा. भरतीची तयारी करणारे पोट्टे तुम्हाला प्रमाणपत्र मागतील. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त संघटनेच्या ठराविक दर्जाच्या स्पर्धांमधली कामगिरी लागते. तुमच्या साखळीचा कागद त्यात चालणार नाही. सहभागाचं साधं पत्र द्यायला हरकत नाही, पण त्यावर ‘जिल्हास्तरीय’ वगैरे छापू नका आणि पोरांना स्पष्ट सांगा. ज्याच्यात दम आहे त्याला जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीला पाठवा, गाडीभाडं मंडळाने द्यावं. वर्गणीतला तेवढा पैसा बाजूला ठेवाच.

मुलींचा संघ घ्या, आणि पहिल्याच वर्षी घ्या. सहा गावांतून सहा संघ होणार नाहीत, तीन होतील. तीन संघांचे सामनेही तीनच, दर दुसऱ्या रविवारी एक, दुपारी सव्वादोनला, म्हणजे पुरुषांच्या सामन्यांच्या आधी. उजेडात घरी पोचता आलं तरच आया पाठवतील. मैदान 12 बाय 8 मीटर, निदान रेषा 3 मीटरवर आणि बोनस रेषा 4 मीटरवर, त्यामुळे त्यांच्या रेषा आधी आखून सामना झाल्यावर पुसा आणि मग पुरुषांच्या आखा. दोन्ही एकदम आखल्या तर पंचासकट सगळे गोंधळतात. तेवढं पुसणं-आखणं बसावं म्हणून त्या रविवारी पुरुषांचा पहिला सामना सव्वातीनला धरा. त्यांचा डाव तसाही 15 मिनिटांचाच असतो. कपडे बदलायला शाळेची एक खोली उघडून घ्या, किल्ली शिक्षिकेकडे किंवा अंगणवाडीताईंकडे द्या. पंचांपैकी किमान दोघी बायका हव्यात. गावात पूर्वी शाळेकडून खेळलेल्या सुना असतात, त्यांना विचारा. नियम त्यांना तुमच्यापेक्षा चांगले आठवत असतील.